तीन गुंठे घ्यायचेत, पण कोणते तीन?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यजमान साखर कारखान्यात नोकरीला आहेत. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही भाड्याने राहतो आणि आता इथेच घर बांधायचं ठरवलं आहे. आमच्या दोघांच्याही नावे कुठेच शेती नाही. गावाबाहेर ४० गुंठ्यांचा एक गट आहे. सातबाऱ्यावर आई आणि तीन भाऊ अशी नावं आहेत, वडील २०११ मध्ये वारले. मधला भाऊ आपल्या वाटणीतले ३ गुंठे द्यायला तयार आहे, गुंठ्याला साडेतीन लाख रुपये. जागा आतल्या अंगाला आहे, १२ फुटांचा रस्ता सोडतो म्हणतात. चुना टाकून जागा दाखवलीसुद्धा. मध्यस्थ म्हणतो की तुकडेबंदी आता उठली आहे. खरेदीखत लगेच होत नसेल तर नोटरी करून ताबा घ्या, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लावून देतो. नाहीतर आणखी तीन गिऱ्हाइकं आहेत, चौघं मिळून ११ गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत करा. दोन लाख इसार येत्या आठवड्यात मागितला आहे. मालकाची मुलगी माझ्याच वर्गात आहे. फार खोदून विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का? काय करावं?
— एक शिक्षिका, कोरेगाव तालुका

उत्तर :

ताई, येत्या आठवड्यात दोन लाख देऊ नका. ही जागा तुम्हाला कधीच मिळणार नाही असं मी म्हणत नाही, कदाचित मिळेलही. पण आज ज्या तीन गुंठ्यांसाठी तुम्ही साडेदहा लाख मोजायला निघाला आहात, ते तीन गुंठे अजून कागदावर जन्मलेलेच नाहीत. सरकारी दप्तरात ४० गुंठ्यांचा एक अखंड गट आहे आणि त्यावर चार माणसांची नावं आहेत. मधल्या भावाचा वाटा कुठून कुठपर्यंत, त्यातले तुमचे तीन गुंठे पूर्वेचे की पश्चिमेचे, हे सांगणारा एकही नकाशा नाही. आहे तो चुना, आणि तो पहिल्या वळवाच्या पावसात जाईल.

मोठ्या जागेचा भाग घेताना निम्म्याहून जास्त माणसं इथेच अडकतात. गटाचा सातबारा पाहतात, त्यावर विकणाऱ्याचं नाव दिसतं, आणि आपलं काम झालं असं समजतात. प्रश्न मात्र दोन असतात. विकणाऱ्याचा या जमिनीत हक्क आहे का, हा एक. आणि आपण जो तुकडा घेतोय तो वेगळा म्हणून विकता येतो का, हा दुसरा. तुमच्या प्रकरणात दोन्हींची उत्तरं आज मिळालेली नाहीत.

आधी हक्काचं बघू. तुमच्या पत्रात आई आणि तीन भावांचा उल्लेख आहे. या भावांना बहीण आहे का? हे नक्की विचारा, आणि फक्त मालकाला नव्हे, तलाठ्याकडच्या वारस फेरफारातही पाहा. वडील २०११ मध्ये गेले तेव्हा जो वारसांचा फेरफार झाला, त्याच्या मसुद्यात कोणाकोणाची नावं होती, कोणी जबाब दिला, हे तिथे मिळतं. आपल्याकडे बहिणीचं नाव अनेकदा त्या वेळीच गाळलेलं असतं आणि "तिनं हक्क सोडलाय" असं तोंडी सांगितलं जातं. तोंडी सोडलेला हक्क कायद्याने सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो आणखी पक्का केला. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. त्यावरची नोंद खरी मानून चालतात, पण ती खोटी ठरवता येते. एखादी बहीण दहा वर्षांनी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावते तेव्हा त्या दाव्यात तुमचं बांधलेलं घरही येतं.

हिशेब मांडून बघा. एक बहीण असेल तर आई, तीन भाऊ आणि बहीण असे पाच वाटे, म्हणजे प्रत्येकी ८ गुंठे. बहीण नसेल तर प्रत्येकी १०. मधल्या भावाकडे तीन गुंठे विकण्याइतका हिस्सा आहे हे खरं. पण वाटप झालेलं नसताना तो विकू शकतो तो अविभक्त हिस्सा, दाखवलेली ठरावीक जागा नव्हे. अशा खरेदीतून तुम्हाला मिळतो तो वाटप मागण्याचा हक्क. वाटपात ती जागा दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेली तर तुमचं घर त्याच्या जमिनीत उभं राहील. "आमच्यात घरगुती वाटणी झालीय, बांध घातलाय" असं ते सांगतील, आणि ते खरंही असेल. पण तुम्हाला बांध नको, नोंद झालेलं वाटप हवं. म्हणजे एकतर नोंदणीकृत वाटपपत्र, नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचा तहसीलदारांचा वाटपाचा आदेश, आणि त्यावरून झालेला फेरफार. तोवर सगळ्या वारसांनी, आई आणि बहीण धरून, खरेदीखतावर सही करणं हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. आणि वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा विषय येतो, तिथे वकिलाशिवाय एक पाऊल टाकू नका.

आता तुकड्याचं. महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचं ठरवून दिलेलं प्रमाणभूत क्षेत्र असतं, त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने हे क्षेत्र राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं. तुमचे तीन गुंठे दोन्हींत बसत नाहीत. कायदा मोडून केलेला व्यवहार कलम ९ प्रमाणे रद्दबातल ठरतो. शेजारच्या गटाच्या मालकाला तुकडा विकण्याची सवलत कायद्यात आहे, पण तुम्ही शेजारच्या मालक नाही. विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी आणि शासनाच्या घरकुल योजनेतल्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी २०२४ मध्ये वाट मोकळी झाली, तीही तुमच्या कामाची नाही.

मध्यस्थ "तुकडेबंदी उठली" म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सध्या गावोगाव हेच वाक्य ऐकू येतंय. घडलं ते असं. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून एक-दोन गुंठ्यांचे, मंजूर रेखांकन (भूखंड आणि रस्ते दाखवणारा आराखडा) नसलेले दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकांना मनाई केली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. त्यावरून काही लोकांनी कायदाच गेला असा अर्थ काढला. गेलं होतं ते परिपत्रक, कायदा जागेवर होता. दस्त नोंदला जाणं आणि व्यवहार कायदेशीर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने अध्यादेश काढून मोठा बदल केला. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींची हद्द, महानगर विकास प्राधिकरणांची क्षेत्रं, आणि प्रादेशिक योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, निवासी, व्यापारी किंवा औद्योगिक म्हणून दाखवलेल्या जमिनी तुकडेबंदीतून मोकळ्या झाल्या. अशा भागात १५ नोव्हेंबर १९६५ पासून १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेले जुने व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याची सोयही झाली.

या बदलात दोन मेखा आहेत. जमीन शेती विभागात असेल तर तुकडेबंदी आजही आहे. आणि नियमित करण्याची सोय मागे झालेल्या व्यवहारांना आहे. तुम्ही आज करायला निघालेला व्यवहार त्या तारखेनंतरचा आहे. "आत्ता घ्या, पुढे नियमित होईलच" हा सल्ला तुमच्या बचतीवर लावलेली पैज आहे.

याच्याही आधीची एक अडचण आहे आणि मध्यस्थाने ती तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. तुम्ही दोघंही शेतकरी नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मोडलं तर कलम ८४क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात आणि व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे जागा तुकडा नसती, चांगली वीस गुंठे असती, तरी तुम्हाला ती तशी घेता आली नसती. जमीन निवासी विभागात असेल किंवा रीतसर बिनशेती झालेली असेल तर ही अडचण दूर होते.

आता मध्यस्थाच्या दोन वाटा. पहिली नोटरीची. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरी हा फक्त सही कोणी केली याचा दाखला आहे, त्याने मालकी हलत नाही. साठेखत (पुढे विकण्याचा करार), ताबेपावती आणि कुलमुखत्यारपत्र असा संच करून विक्री झाली असं दाखवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्टपणे नाकारली. मालक वारला की सामान्य मुखत्यारपत्रही संपतं. मग तुम्ही त्याच्या मुलांच्या दारात उभ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टी आकारणीची नोंदवही आहे. तिथे नाव लागलं की घरपट्टी भरायची जबाबदारी येते, मालकी येत नाही. वीजमीटरचं आणि नळाचंही तसंच. हे सगळं हातात असूनही घर बेकायदेशीर जागेवर असू शकतं, आणि आपल्या तालुक्या-तालुक्यांत अशी घरं आहेत. त्यांत राहणारी माणसं लबाड नाहीत. त्यांनी आयुष्याची पुंजी घातलेली असते आणि मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला तेच घर तारण ठेवायला गेल्यावर बँकेच्या टेबलावर त्यांना खरी गोष्ट कळते. म्हणून मला या नोटरीच्या व्यवहारांची चीड आहे.

दुसरी वाट ११ गुंठ्यांची. ही वरवर हुशारीची वाटते. पाटपाणी असलेल्या बागायतीत १० गुंठ्यांची अट आहे, चौघांनी मिळून ११ घेतले की अट पुरी झाली, दस्त नोंदला जातो, सातबाऱ्यावर चौघांची नावं लागतात. पण पुढे? चौघांचे वाटे वेगळे करायला गेलात की प्रत्येकाचे पावणेतीन गुंठे, म्हणजे पुन्हा प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली. ज्या कायद्याला वळसा घालून आत शिरलात तोच बाहेर पडायच्या दारात उभा. तोवर सगळं सामाईक. बांधकामाची परवानगी हवी, चौघांच्या सह्या. कर्ज हवं, चौघांची संमती. एकाने कर्ज बुडवलं, एकाच्या घरात वारसांचं भांडण लागलं, तर त्याचा शेरा तुमच्याही सातबाऱ्यावर. माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. चौघं मित्र, जीवाभावाचे. त्यांतला एक वारला. त्याचा मुलगा परगावी, त्याला त्या जागेत रस नव्हता. तो सहीही देईना आणि हिस्साही विकेना. उरलेल्या तिघांपैकी एकाचं जोतं तेवढं बांधून झालं होतं. मित्रांमध्ये वाईट कोणीच नव्हतं, तरी तीन संसार अडकले. तुमचे बाकीचे तीन गिऱ्हाईक तर तुम्ही पाहिलेलेही नाहीत. शिवाय चौघांपैकी प्रत्येकाला शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही. त्यासाठी कोणी "दाखल्याचं बघतो" म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

मग सरळ वाट आहे का? ती जमीन नेमकी कुठे आहे यावर ते ठरेल, म्हणून पहिलं काम पैशाचं नाही, झोन दाखल्याचं. गट नंबर देऊन साताऱ्याच्या नगर रचना कार्यालयातून हा गट प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात येतो याचा दाखला घ्या. तो निवासी विभागात असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर जमीन महसूल संहितेतल्या तरतुदींमुळे बिनशेतीचं काम बरंच सोपं झालं आहे. ठरलेली रक्कम भरली की ती निवासी वापरासाठी रूपांतरित झाली असं मानतात. "गावाबाहेर" असं तुम्ही लिहिलं आहे, पण ते गावठाणाच्या हद्दीपासून १५० मीटर आहे की ६००, यावर तुमचं घर अवलंबून आहे. अंतर डोळ्याने मोजू नका, नकाशावर मोजा. दाखला शेती विभागाचा आला तर या जागेचा विषय सोडून द्या. पर्याय मी पुढे देते.

दाखला चांगला आला तर सगळं आधी मालकांच्या नावे व्हायला हवं, मगच तुमच्याकडे यायला हवं. भावांमधलं वाटप, मग मधल्या भावाच्या हिश्श्याचं किंवा पूर्ण गटाचं रेखांकन मंजूर करून घेणं, भूमि अभिलेख कार्यालयाची पोटहिस्सा मोजणी, वेगळा पोटहिस्सा क्रमांक आणि वेगळा सातबारा. त्या तीन गुंठ्यांचा स्वतःचा उतारा निघाला की मग खरेदीखत. गावात नेमकं उलटं चालतं, आधी पैसे, मग ताबा, मग घर, आणि शेवटी मोजणी. मालकाने पूर्ण गटाचे भूखंड पाडून विकायला काढले असतील तर ४० गुंठे म्हणजे ४००० चौरस मीटरच्या वर क्षेत्र होतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या अशा प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे भूखंड आणि घरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते, तर तो क्रमांक मागा. एवढ्या मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा आणि अंतर्गत रस्तेही सोडावे लागतात. चुन्याने आखलेल्या तुमच्या तुकड्यातून उद्या मंजूर रस्ता जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

रस्त्यावरून आठवलं. १२ फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर. ट्रॅक्टर जाईल, पण बांधकाम मंजुरीला रस्त्याची रुंदी पाहतात आणि तिथे १२ फूट अपुरे पडण्याची दाट शक्यता आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की "रस्ता सोडतो" हे कोण म्हणतंय? तो रस्ता पुढच्या अंगाला असलेल्या भावाच्या वाट्यातून जात असेल तर मधल्या भावाला तो सोडायचा अधिकारच नाही. तहसीलदार रस्ता देतात असं कोणी सांगेल. कलम १४३ चा रस्ता बांधावरून शेतात जाण्यासाठी असतो, घराच्या गाडीसाठी नव्हे. मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वाट खुली करून मिळते, पण आधी वाट असावी लागते आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तेव्हा रस्त्याची लांबी, रुंदी, तो कोणाच्या हिश्श्यातून जातो, हे खरेदीखतात शब्दांत, सोबतच्या नकाशात रेघेने, आणि ज्याच्या जमिनीतून जातो त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात, असं तिन्ही ठिकाणी आलं पाहिजे. आतल्या जागेची किंमत तिच्या रस्त्याएवढीच असते.

सातबारा हातात घ्याल तेव्हा नावांच्या आधी भूधारणा पद्धती वाचा. "भोगवटादार वर्ग १" असेल तर ठीक. "वर्ग २" असेल तर वतन, इनाम, कूळ किंवा शासनाने दिलेली जमीन असण्याचा संभव आहे, आणि ती परवानगी आणि नजराण्याशिवाय हलत नाही. मग इतर हक्कांचा रकाना. विकास सोसायटीचा बोजा तुमच्या भागात जवळजवळ प्रत्येक उताऱ्यावर दिसेल. तो फेडून बोजा कमी केल्याचा फेरफार मागा, सोसायटीचा तोंडी निरोप चालणार नाही. कूळ, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, भूसंपादन, सगळं तिथेच असतं. सातारा जिल्ह्यात आणखी एक शेरा नीट पाहायला सांगेन. धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या जमिनींवर प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन कायद्याखाली हस्तांतराला आणि विभागणीला बंदीचा शेरा असू शकतो. तो असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. लोक याला "जुना शेरा आहे, काही होत नाही" म्हणतात. जुना असला तरी तो कमी झालेला नाही तोवर लागूच आहे.

आजचा डिजिटल उतारा पुरेसा नाही. हस्तलिखित सातबारे आणि फेरफार मागे नेत तीस वर्षांपर्यंत बघा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात सूची २ चा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घ्यायला वकील लावा. ते वकील तुम्ही निवडलेले हवेत, मध्यस्थाने सुचवलेले नकोत. त्यांच्याकडून लेखी शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. एखाद्या भावाने याआधीच कोणाला साठेखत करून दिलं असेल तर बऱ्याचदा ते इथेच बाहेर येतं.

मोजणीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घर कुठे उभं राहील हे तिथे ठरतं. भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे अर्ज मालकाने करायचा, शुल्क हवं तर तुम्ही वाटून घ्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि चारही बाजूंचे लगतचे खातेदार आलेत का बघा. नोटीस मिळूनही कोणी आला नाही तर तसं पंचनाम्यात येऊ द्या. नंतर जी "क" प्रत मिळते तिच्यात दप्तराप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेली असते. या दोन रेघा एकमेकींवर बसत नसतील तर तिथेच थांबा. बांध सरकलेला असतो, विहीर पलीकडे गेलेली असते, कुणाची गोठ्याची भिंत आत आलेली असते. तुमच्या सव्वातीन हजार चौरस फुटांत बांध चार फूट सरकला तरी एक खोली जाते. खुणांचे दगड रोवून त्यांचे फोटो काढून ठेवा.

पैसे द्यायची वेळ येईल तेव्हा इसाराची पावती नको, नोंदणीकृत साठेखत करा. त्यात लिहून घ्या की सगळ्या वारसांच्या सह्या, वाटप, मंजूर रेखांकन, मोजणी आणि स्वतंत्र उतारा ही कामं मालक अमुक मुदतीत करून देतील, त्यानंतरच खरेदीखत होईल. झाली नाहीत तर इसार व्याजासह परत. ताबा आत्ता घेऊ नका. सगळे पैसे खात्यातून द्या. गुंठ्याला साडेतीन लाख ठरले असतील तर कागदावरही तेच लिहा. सरकारी दराने दस्त करून उरलेले रोख द्या असं सुचवलं जाईल. नका करू. व्यवहार फिसकटला तर रोख दिलेली रक्कम सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसेल. आणि तुम्ही जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात, वर्तणूक नियमांप्रमाणे स्थावर मिळकतीच्या खरेदीची माहिती कार्यालयाला द्यावी लागते, तीही वेळेत द्या. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद धरली गेली, हरकतीचे पंधरा दिवस उलटले आणि नोंद प्रमाणित झाली, की मगच पाया खणा. गावठाणाबाहेर फक्त ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर बांधकाम सुरू करू नका.

ही जागा जमली नाही तर याच गावात गावठाणातलं पडकं घर किंवा मोकळी जागा विकाऊ आहे का ते बघा. मला तर तुमच्यासाठी तीच वाट जास्त पसंत आहे. तिथे शेतकरी असण्याची अट नाही. ड्रोनने झालेल्या गावठाण मोजणीनंतर अनेक गावांत मिळकत पत्रिका आणि सनदा मिळाल्या आहेत. राज्यात याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून झाली आणि २०२० मध्ये स्वामित्व योजना म्हणून ती देशभर गेली. तुमच्या गावाची चौकशी झाली आहे का, ग्रामपंचायतीत विचारा. मिळकत पत्रिका असलेली दोन गुंठे जागा, अरुंद गल्लीत का होईना, नोटरीवरच्या तीन गुंठ्यांपेक्षा कितीतरी बरी. तिथेही वारस तपासावे लागतातच.

राहिला तुमच्या मनातला संकोच. मालकाची मुलगी तुमच्या वर्गात आहे म्हणूनच हे सगळं लेखी आणि उघड व्हायला हवं. उद्या वाद झाला तर तुम्हाला त्याच गावात, त्याच शाळेत उभं राहायचं आहे, आणि त्या मुलीलाही. मालकाकडे मध्यस्थाला न घेता जा, यजमानांना सोबत घ्या, घरात आई असतील तेव्हा जा. सांगा की जागा आवडली आहे, भावही मान्य आहे, पण घर बँकेचं कर्ज काढून बांधायचं आहे आणि बँक स्वतंत्र उतारा, मंजूर नकाशा आणि सगळ्या वारसांच्या सह्या मागते. हे शब्दशः खरं आहे आणि यात कोणाचा अपमान नाही. त्यांच्याही ध्यानात आणून द्या की वाटप आणि मोजणी झाली तर उरलेल्या जमिनीचे प्रश्नही त्यांच्या मुलांसाठी सुटतील. बहीण असेल तर तिचं नाव तुम्हीच काढा, आईंसमोर. त्यांनी खुशीने हो म्हटलं तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. विषय टाळला गेला तर साडेदहा लाख वाचले असं समजा आणि गावठाणाकडे वळा.

सातबारा, आठ-अ, २०११ नंतरचे सगळे फेरफार आणि झोन दाखला हाती आला की त्यांच्या प्रती सदराच्या पत्त्यावर पाठवा. इतर हक्कांत काय लिहिलंय ते वाचून पुढचं सांगते.